रविवार सोडून उरलेले सहा दिवस

मंडळीबाहेरच्या, म्हणजे चर्चबाहेरच्या, माणसांत ख्रिस्ती म्हणून कसं वागावं, या एकाच विषयावर इतकी पत्रं साठली की या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत. जागेअभावी प्रश्न आवरते घेतले आहेत. उत्तरांत दिलेले संदर्भ बायबल उघडून वाचावेत ही विनंती. यातल्या बऱ्याच वचनांचा पूर्वार्ध आपल्याला पाठ असतो आणि अडचण नेमकी उत्तरार्धात असते.

प्रश्न : नोकरीला लागून आठ महिने झाले. मी ख्रिस्ती आहे हे कामावर कुणालाच माहीत नाही. मी मुद्दाम लपवलं नाही, विषयच निघाला नाही. आता सांगायचं तर उगाच घोषणा केल्यासारखं वाटतं. काय करू?

उत्तर : घोषणा करूच नका. "सोमवार कसा उजाडला, सुट्टीत काय केलं?" असं कुणी विचारलं की "सकाळी उपासनेला गेलो होतो, मग दिवसभर घरी," एवढं म्हणा आणि पुढच्या विषयाकडे वळा. आठ महिन्यांत हा प्रश्न तुम्हाला निदान वीस-पंचवीस वेळा विचारला गेला असेल. दर वेळी "काही नाही, घरीच होतो" असं म्हणून तुम्ही तो परतवला असेल. अडचण तिथेच आहे. पहिल्यांदा टाळलं ते सहज, पण दहाव्यांदा टाळल्यावर साधं खरं वाक्यही गौप्यस्फोट वाटू लागतं. कामाच्या वेळा ठरतात तेव्हाही चांगली संधी असते : "रविवारी अकरानंतर येतो, त्याआधी उपासना असते. त्याबदल्यात शनिवारी उशिरापर्यंत थांबतो." बदल्यात काय देणार, ते त्याच दमात सांगा. नाहीतर लोकांच्या लक्षात तुमची उपासना राहत नाही, तुमची सवलत राहते.

एकदा कळलं की कधीतरी कुणीतरी विचारेल. प्रेषित पेत्राने उत्तर द्यायला तयार राहायला सांगितलं आहे ते त्यासाठी (१ पेत्र ३:१५). या वचनातली दोन कलमं आपण गाळतो. एक, उत्तर द्यायचं ते विचारणाऱ्याला. दोन, ते सौम्यतेने आणि आदराने. तेव्हा एक कागद घ्या आणि दोन मिनिटांत बोलून होईल एवढंच, म्हणजे साधारण दोनशे शब्द, लिहा. येशूविषयी तुम्ही काय मानता ते एका वाक्यात येऊ द्या. त्यामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात झालेला एखादा फरक सांगा, पण पैसा, राग, झोप, दारू असा हाताला लागणारा. शेवटी, अजून जमत नाही अशी एक गोष्ट कबूल करा. हा तिसरा भाग बहुतेक जण टाळतात, आणि मग ऐकणाऱ्याला ती जाहिरात वाटते. बोलून झालं की थांबा. पुढचं विचारायचं की चहा प्यायचा, ते समोरच्याला ठरवू द्या.

लिहिलेला कागद मंडळीबाहेरच्या एखाद्या मित्राला मोठ्याने वाचून दाखवा. आपले किती शब्द फक्त आपल्यालाच कळतात हे तेव्हा उमगतं. पापातून सुटका या अर्थाने "तारण" म्हटलं की त्याला कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू आठवते. आपल्या विश्वासाविषयी सांगणं ही आपली "साक्ष", त्याच्या लेखी मात्र साक्ष म्हणजे कोर्ट, आणि आपली विश्वासणाऱ्यांची "संगती" त्याला बहुधा वाईटच वाटते. "आमची मंडळी" म्हटल्यावर तो तुमच्या बायकोची चौकशी करेल. "प्रभूने ओझं दिलं" (म्हणजे मनात कळकळ घातली) हे वाक्य ऐकून तर त्याला तुमची कीवच येईल. "अन्यजाती" आणि "जगिक लोक" हे दोन शब्द मात्र समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नका, बोलण्यातून काढूनच टाका. ज्याच्याबद्दल ते वापरले जातात, त्याला ते बरोबर कळतात.

प्रश्न : साहेब आत बसलेले असताना "ते नाहीत" असं मला फोनवर सांगायला लावतात. मागच्या महिन्यात न झालेल्या कामाच्या बिलावर सही करायला सांगितलं. तेव्हा कसंबसं टाळलं. नोकरीची गरज आहे. किती दिवस टाळू?

उत्तर : दोन्ही खोटंच, पण वजन सारखं नाही आणि उपायही एक नाही.

फोनचं सोपं आहे. "साहेब आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप लिहून घेते," हे वाक्य खरं आहे आणि साहेबांचं कामही त्याने भागतं. त्यांना खोटं प्रिय असतं असं नाही, त्यांना निवांतपणा हवा असतो. मी यापुढे असं सांगेन, हे त्यांच्या कानावर आधी घालून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पेच पडणार नाही.

बिलावरची सही तुमची असते आणि उद्या जबाबही तुम्हालाच द्यावा लागेल. इथे बाबेलच्या राजाने धरून नेलेल्या यहुदी तरुणाचा, दानीएलाचा, पहिला अध्याय बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्याने बाबेली नाव चालवून घेतलं. तीन वर्षं खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकला, पुढे दरबारात नोकरीही केली. अडला तो फक्त राजाकडच्या अन्नाच्या मुद्द्यावर. अडतानाही त्याने आधी परवानगी मागितली. वरिष्ठ खोजाला राजाची भीती वाटत होती, ती त्याने धुडकावली नाही. मग कारभाऱ्यापुढे एक पर्याय ठेवला : दहा दिवस भाजीपाला आणि पाणी देऊन पाहा, मग तुम्हीच ठरवा (दानीएल १:८-१४). नकारासोबत पर्याय, त्याला मुदत आणि निर्णय समोरच्याच्या हाती, अशी ही पद्धत आहे.

तुमच्या बाबतीत ती अशी लावता येईल. साहेबांशी एकटं असताना बोला, चारचौघांत नको. "या बिलावर मी सही करू शकत नाही, काम झालेलं नाही," एवढंच कारण द्या. लगेच पर्याय सांगा : "झालेल्या कामापुरतं बिल आजच तयार करते. उरलेलं कधी पूर्ण होईल ते कंत्राटदाराकडून लिहून घेते." बोलणं झालं त्याच दिवशी तारीख घालून स्वतःपुरती नोंद करून ठेवा. "मी ख्रिस्ती आहे म्हणून" हे शब्द इथे वापरू नका. हिशेब खरा ठेवणं हे सगळ्यांचंच काम आहे. त्यात धर्म आणला की शेजारच्या टेबलावरचा प्रामाणिक माणूस उगाच चोर ठरतो. साहेबांनी आपणहून कारण विचारलं तर मात्र जरूर सांगा.

याने नोकरी वाचेल अशी हमी आम्ही देत नाही. अग्नीच्या भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या दानीएलाच्या तिघा सोबत्यांकडेही ती नव्हती. देवाने सोडवलं नाही तरी, असं ते स्पष्ट म्हणाले (दानीएल ३:१८). म्हणून बोलायला जाण्याआधी हाताशी किती महिन्यांचा खर्च आहे ते मोजा आणि दुसरीकडे चौकशी सुरू ठेवा. याला अविश्वास म्हणू नये.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायला हवी. रोज वीस मिनिटं उशिरा येणाऱ्याने, कामाच्या वेळात बायबलवरचं मनन वाचणाऱ्याने, कचेरीच्या कागदावर मंडळीच्या कार्यक्रमाच्या प्रती काढणाऱ्याने खोट्या बिलाला नकार दिला, तर त्या नकाराला कुणी किंमत देत नाही. सुमारे इ. स. ११२मध्ये बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने ख्रिस्ती लोकांची चौकशी करून सम्राट त्राजानला पत्र लिहिलं. हे लोक पहाटे जमून काय शपथ घेतात ते त्याने नोंदवलं आहे : चोरी करणार नाही, लुटणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही. यातली एकूणएक गोष्ट शेजाऱ्याला पडताळून पाहता येण्याजोगी आहे.

प्रश्न : सहकाऱ्याच्या घरी धार्मिक समारंभ आहे, आग्रहाचं बोलावणं आहे. आमच्या मंडळीतले काही म्हणतात, पाऊलही टाकू नये. काही म्हणतात, सगळं करावं, मनात येशू असला म्हणजे झालं. कुणाचं ऐकावं?

उत्तर : दोघांचंही नको. प्रेषित पौलाने या एका विषयाला, म्हणजे मूर्तींना अर्पण केलेलं खावं की नाही याला, करिंथकरांच्या पहिल्या पत्रातले तीन अध्याय दिले (८ ते १०), आणि त्याचं उत्तर जागेप्रमाणे बदलतं. बाजारात मिळतं ते मांस चौकशी न करता विकत घ्या (१०:२५). कुणी घरी बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं तर जा, वाढलेलं खा (१०:२७). त्याच पंगतीत कुणी म्हणालं की हे अर्पण केलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी (१०:२८-२९). अर्पणाच्या विधीत सहभागी होणं मात्र नाही (१०:१४-२१). पदार्थ तोच असतो. तुमच्या कृतीतून बघणाऱ्याला काय कळतं, ते बदलतं.

"मनात येशू असला म्हणजे झालं" म्हणणारे नामानाचा दाखला देतात. अरामी राजाचा हा सेनापती कुष्ठरोगातून बरा झाल्यावर संदेष्टा अलीशाला म्हणाला, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या मंदिरात जातो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. अलीशाने त्याला "शांतीने जा" म्हणून निरोप दिला (२ राजे ५:१८-१९). दाखला खरा आहे, पण पूर्ण वाचावा. नामान तिथे कर्तव्य म्हणून जातो, त्याला स्वतःलाच ते खुपतं आणि तो ते आधी उघड बोलून दाखवतो. पाऊलही टाकू नये म्हणणाऱ्यांनीही हा उतारा वाचावा. अलीशाने त्याला नोकरी सोडायला सांगितलं नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते. यजमानाला तीन-चार दिवस आधी सांगा, दारात उभं राहून नको. "नक्की येणार. विधी चालू असेल तेव्हा मी मागे बसेन, त्यात भाग घेणार नाही. बाकी पडेल ते काम सांगा." आधी कळलं की यजमान तुमची बसायची सोय स्वतःच करतो. ऐन वेळी नकार दिला तर पाहुण्यांदेखत त्याचा अपमान होतो, आणि वर्षानुवर्षं लक्षात राहतो तो अपमान. तुमच्या नकाराचं कारण कुणाला आठवत नाही. विधीच्या वेळी कडेला किंवा मागे बसा. सगळे आदराने उभे राहिले तर उभे राहा. फोन खिशात ठेवा, कपाळावर आठी नको. अर्पण केलेलं म्हणून काही हातावर ठेवू लागले तर हात जोडून, हळू आवाजात, एकदाच नाही म्हणा. कारणांची यादी नको. कुणी काही सांगितलं नसेल तर ताटातल्या प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी करू नका. मुलं बरोबर असतील तर तिथे काय होईल आणि आपण काय करू, हे घरूनच समजावून न्या. बसायची मांडामांड, वडीलधाऱ्यांना पाणी, शेवटची आवराआवर ही कामं अंगावर घ्या. विधीत नसलेला माणूस घरच्यासारखा राबला हे लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

उभं राहणं, मान लववणं, हातात एखादी वस्तू घेणं यातलं आदर कोणतं आणि उपासना कोणती, याबाबत मंडळी-मंडळींत फरक आहे. आपल्या पाळकांना किंवा धर्मगुरूंना आधी विचारा, आणि "जाऊ का?" असं मोघम नको, एकेका कृतीचं नाव घेऊन विचारा. तुमच्या मंडळीतल्या दोन्ही गटांना रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सारखाच लागू आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये.

अंत्यविधीचं बोलावणं नसतं, तिथे जायचंच असतं. शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा या आज्ञेत (रोम १२:१५) तो कुणाचा शोक, अशी अट नाही. गेलेला माणूस आता कुठे असेल यावर तिथे चकार शब्द काढू नका. त्याने केलेली एखादी चांगली गोष्ट आठवत असेल तर ती घरच्यांना सांगा. आणि तीन आठवड्यांनी, माणसांची वर्दळ ओसरल्यावर, पुन्हा जा.

उलट बाजूही सांभाळा. त्यांना तुमच्या उपासनेला बोलवाल तेव्हा ती किती वेळ चालते, लोक कधी उभे राहतात, हे आधी सांगा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी जागेवर बसून राहिलं तर चालतं, आणि दानाची थैली फिरली तरी काही टाकायची गरज नाही, हेही सांगा. पाहुणा आलेला पाहून त्याला उद्देशून उपदेशाची दिशा बदलणं हा सापळा आहे. तो पुन्हा येत नाही, आणि त्याचं काही चुकत नाही.

प्रश्न : "सुवार्ता सतत सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा" असं संत फ्रान्सिस म्हणाले. मग नुसतं चांगलं वागणं पुरेसं नाही का?

उत्तर : असिसीच्या फ्रान्सिस यांच्या लिखाणात हे वाक्य सापडत नाही. त्यांनी जे लिहिलं ते याहून कामाचं आहे. १२१९मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना, ते इजिप्तच्या सुलतानाला जाऊन भेटले होते. नंतर आपल्या संन्यासी संघाच्या १२२१च्या नियमावलीत, सोळाव्या अध्यायात, मुसलमानांमध्ये राहायला जाणाऱ्या संघातल्या बंधूंना त्यांनी दोन वाटा दिल्या. एक, वादविवाद न करता देवाखातर प्रत्येक माणसाच्या अधीन राहावं आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कबूल करावं. दुसरी, देवाला ते रुचतं आहे असं दिसेल तेव्हा वचन जाहीर सांगावं. म्हणजे पहिल्या वाटेतही ओळख लपवायची नाही, आणि दुसऱ्या वाटेवर जायला वेळ पाहायची.

नुसत्या चांगल्या वागण्याची अडचण अशी की श्रेय तुम्हाला मिळतं. लोक म्हणतात, स्वभावाने चांगला आहे. नुसत्या बोलण्याची अडचण सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : लग्नानंतर चार वर्षांनी मी ख्रिस्तावर विश्वास ठेवला. पती विरोध करत नाहीत, पण चर्चचा विषय निघाला की गप्प होतात. मी काहीतरी समजावू पाहते आणि ते आणखी दूर जातात.

उत्तर : तुमच्यासाठी पेत्राने दोन ओळी खास लिहून ठेवल्या आहेत. न मानणारे पती पत्नीच्या वागण्याने जिंकले जावेत, आणि तेही शब्दावाचून (१ पेत्र ३:१-२). "शब्दावाचून" हे तुम्हाला बंधन वाटत असेल तर त्याकडे सुटका म्हणून पाहा. समजावण्याचं काम तुमच्या खांद्यावर टाकलेलंच नाही. पौलही म्हणतो, जोडीदार राहायला राजी असेल तर सोडू नका (१ करिंथ ७:१२-१३).

आधी आठवड्यातल्या किती संध्याकाळी बाहेर जातात ते मोजा. उपासना, प्रार्थनासभा, महिला मंडळ, गायनाचा सराव असं धरलं तर आठवड्यातले चार दिवस तुम्ही घराबाहेर असता. त्यांच्या बाजूने पाहिलं तर विश्वास म्हणजे बायकोला घरातून नेणारी गोष्ट. पुढचे सहा महिने दोनच ठेवा आणि पाळकांना कारण सांगा. शहाणा पाळक रागावणार नाही. पैशांचंही तसंच. दोघांच्या मिळकतीतून दान द्यायचं ते ठरवून, त्यांना माहीत असताना द्या. गुपचूप दिलेला दशांश त्यांना एक दिवस कळतो, आणि मग विषय देवाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो. ते देऊ नको म्हणाले तर स्वतःच्या वाट्याच्या खर्चातून वाचवून द्या, नाहीतर वेळ द्या. दान जुलमाने द्यायचं नसतं (२ करिंथ ९:७), आणि जुलूम जोडीदारावरही होऊ शकतो.

मंडळीतल्या कुणाच्या नवऱ्याशी त्यांची तुलना करू नका. त्यांच्या नजरेला पडावीत म्हणून वचनं चिकटवू नका. प्रार्थनासभेत त्यांच्या उणिवा "प्रार्थनेचा विषय" म्हणून मांडू नका. चार बायकांत बोललेलं चौथ्या दिवशी घरी पोचतं. प्रार्थना मागायचीच तर स्वतःच्या धीरासाठी मागा. मुलांना चर्चला नेण्याचा निर्णय दोघांचा असू द्या. चोरून नेलं तर तुम्ही मुलाला पहिला धडा लपवाछपवीचा देता. आणि विश्वासाच्याही आधीपासून तुमच्याबद्दल त्यांची एखादी जुनी तक्रार असेलच : पटकन चिडणं, दिलेली वेळ न पाळणं, माहेरी सगळं सांगणं. सुरुवात तिथून करा. फरक पडला की नाही, ते त्यांच्याइतकं नेमकं कुणीच ओळखणार नाही.

आता तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी : घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर वरचा सल्ला लागू नाही. शब्दावाचून राहा याचा अर्थ मार सोसत राहा असा नाही. आधी सुरक्षित जागी जा, मग पोलीस आणि जाणकारांची मदत घ्या.

प्रश्न : एका मित्राला ख्रिस्ताकडे आणावं म्हणून दोन वर्षं मैत्री ठेवली. त्याला काडीचा रस नाही. आता वेळ दुसऱ्या कुणाला द्यावा का?

उत्तर : हा कधीच विश्वास ठेवणार नाही असं आज पक्कं कळलं, तर उद्या त्याला फोन कराल का? उत्तर नाही असेल तर ती मैत्री नव्हती, आणि त्याला ते तुमच्या आधी कळलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. वेळ देणं थांबवू नका, हिशेब ठेवणं थांबवा. त्याच्याकडून काहीतरी मागून पाहा : सल्ला, मदत, एखादं कौशल्य. विहिरीवर येशूने शोमरोनी बाईशी बोलणं सुरू केलं ते प्यायला पाणी मागून (योहान ४:७).

प्रश्न : आमची मंडळी दर आठवड्याला गरजूंना अन्न आणि औषधं वाटते. वाटपाआधी दहा मिनिटं संदेश आणि प्रार्थना असते. बाहेरच्या काही जणांनी त्याला आमिष म्हटलं. आम्ही चुकतोय का?

उत्तर : हेतू चांगला असेल, रचना चुकीची आहे. भुकेल्या माणसाला रांगेत उभं करून आधी संदेश ऐकवला, तर त्याला नाही म्हणण्याची सोय उरत नाही. नाही म्हणता येत नसेल तर हो म्हणण्यालाही अर्थ नाही. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवादविषयक विभाग आणि वर्ल्ड इव्हॅन्जेलिकल अलायन्स यांनी २०११मध्ये मिळून साक्षीबाबत आचारसूत्रं प्रसिद्ध केली. एरवी या तिघांचं एकमत दुर्मिळ. पण माणसाच्या गरिबीचा आणि गरजेचा गैरफायदा घेणं, मदतीबरोबर आमिष दाखवणं हे ख्रिस्ती साक्षीत बसत नाही, यावर तिघांचंही एकमत झालं.

बदल फार अवघड नाही. वाटप आणि संदेश यांचा दिवस वेगळा ठेवा, जमल्यास जागाही. कुणाला द्यायचं याचे निकष लिहून दारावर लावा. त्यात धर्माचा रकाना नको, आणि उपस्थितीचाही नको. ज्याला प्रार्थना हवी असेल त्याच्यासाठी एक जण बाजूला बसलेला असावा, पण तो वाटपाच्या टेबलावर नसावा, म्हणजे त्याच्याकडे न जाणाऱ्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही. घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये (मत्तय ६:३) हे वचन कॅमेऱ्यालाही लागू आहे. औषधं जाणकार डॉक्टरच्या हातूनच द्या, आणि प्रार्थना केली म्हणून गोळ्या बंद करा असं कुणी स्वयंसेवक सांगत असेल तर त्याला त्याच दिवशी कामावरून दूर करा. हिशेब बाहेरच्या माणसालाही पाहता येईल असा ठेवा.

मग लोकांना कळणार कसं, असं तुमच्यातले काही विचारतील. इ. स. ३६२मध्ये रोमन सम्राट ज्युलियन याने गलतियाच्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलेल्या पत्रात कुरकुर केली आहे की हे गालीली लोक (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. ज्युलियन हा ख्रिस्ती धर्माचा उघड विरोधक. त्याला कळलं, तुमच्या आसपासच्यांनाही कळेल.

प्रश्न : कामावर सगळ्यांसमोर मी एका कनिष्ठ सहकाऱ्याला नको ते बोललो. चूकही त्याची नव्हती, माझी होती. सगळ्यांना मी ख्रिस्ती म्हणून माहीत आहे. आता कोणत्या तोंडाने साक्ष देणार?

उत्तर : साक्षीचं नंतर पाहू, आधी त्या मुलाचं पाहा. जिथे बोललात तिथेच, जे हजर होते त्यांच्यासमोर माफी मागा, शक्यतो चोवीस तासांच्या आत. चारचौघांत केलेल्या अपमानाची माफी कोपऱ्यात घेऊन जाऊन मागितली की ती अर्धीच होते. तीन वाक्यं पुरतात : मी काय बोललो, ते चुकीचं होतं, चूक माझी होती. "पण कामाचा ताण होता" हे चौथं वाक्य गिळा. त्याच्या नावावर लागलेली चूक वरिष्ठांपर्यंत गेली असेल तर ती लेखी दुरुस्त करा. मोशेच्या नियमशास्त्रात नुकसानभरपाई मुद्दल अधिक पाचवा हिस्सा अशी होती (लेवीय ६:५), आणि जकातदार जक्कय चौपट द्यायला निघाला (लूक १९:८). तेव्हा फक्त होतं तिथे आणून सोडू नका. पुढच्या बैठकीत त्याच्या चांगल्या कामाचा नाव घेऊन उल्लेख करा. त्याने लगेच माफ करावं अशी अपेक्षा ठेवू नका, आणि "तुमच्या धर्मात हेच शिकवतात का?" असं कुणी टोचलं तर "नाही, धर्मात याच्या उलट शिकवतात" म्हणा, आणि गप्प राहा.

प्रश्न : सहकारी आजारी आहे. ती आमच्या विश्वासाची नाही. तिच्यासाठी प्रार्थना करते असं सांगितलं तर तिला आवडेल का?

उत्तर : तिलाच विचारा : "तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" बहुतेक लोक हो म्हणतात. नको म्हणाली तर "बरं" म्हणा आणि डबा घेऊन जा. हो म्हणाली तर तिच्याजवळ बसून करायची की घरी, तेही विचारा. जवळ बसून केली तर अर्ध्या मिनिटात संपवा, तिचं नाव आणि तिचं दुखणं घ्या, उपदेश प्रार्थनेत घुसडू नका. तू बरी होशीलच, असं देवाच्या वतीने वचन देऊ नका. आठवड्याने फोन करून तपासणीत काय निघालं ते विचारा. तारीख आजच लिहून ठेवा, नाहीतर विसराल.